तिन्हीसांज नसलेले खेळ

आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला समीक्षक मिळतो. नाटकाला मिळतो, नव्या सुनेच्या पुरणपोळीला मिळतो, शेजाऱ्याने घातलेल्या कुंपणालासुद्धा मिळतो. दिवाळी अंक हातात पडायच्या आधीच त्यातली कथा कशी फसली आहे हे सांगणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. पण व्हिडिओ गेम नावाची बिचारी कला अशी, की तिला विरोधक उदंड आणि समीक्षक एकही नाही. 'डोळे जातील', 'अभ्यास बुडेल' आणि 'आमच्या वेळी हे असलं नव्हतं' या तीन वाक्यांत या विषयावरचं आपलं घरगुती समीक्षावाङ्मय आटोपतं.

यातलं तिसरं वाक्य मला उच्चारता येत नाही, कारण आमच्या वेळी हे होतं. 1980 नंतरच्या दशकात आमच्या गल्लीच्या टोकाला व्हिडिओ पार्लर निघालं, तेव्हा मुठीत नाणं घट्ट धरून मी रांगेत उभा होतो. आज केस पांढरे झाले तरी हात थांबलेला नाही. आता, चाळीस वर्षं नाटकं पाहणाऱ्या माणसाला लोक 'जुने रसिक' म्हणतात आणि पुढच्या रांगेत बसवतात. चाळीस वर्षं गेम खेळणाऱ्याबद्दल मात्र, 'याला काही कामधंदा आहे की नाही?' एवढीच चौकशी होते. तेव्हा पुढच्या रांगेतली ती खुर्ची मी आज स्वतःच ओढून घेतो.

समीक्षेची सुरुवात स्वभावचित्रणाने करायची असते. 1980 साली जपानमध्ये तोरू इवातानी यांनी 'पॅक-मॅन' केला. चक्रव्यूहात ठिपके खात सुटलेला एक पिवळा गोल आणि त्याच्या मागावर चार भुतं. सामान्य माणसाला वाटतं, भुतं सगळी सारखीच, रंग तेवढे वेगळे. छे हो! लाल भूत थेट तुमच्या मागे लागतं, उधारी वसूल करायला आलेल्या वाण्यासारखं. गुलाबी भूत तुम्ही जिथे आहात तिथे येतच नाही. चार घरं पुढे जाऊन थांबतं. लग्नघरातून आपण कोणत्या दाराने सटकणार हे ओळखून नेमक्या त्याच दारात उभ्या राहणाऱ्या आत्याबाई मी पाहिलेल्या आहेत. निळसर भूत आधी तुमचं बघतं, मग लालचं बघतं आणि त्यावरून स्वतःचं धोरण ठरवतं. सोसायटीच्या सभेतले निम्मे सभासद याच जातीचे. आणि नारिंगी भूत तावातावाने अंगावर येतं, पण जवळ पोचताच त्याला काहीतरी काम आठवतं आणि ते आपला कोपरा गाठतं. यावर मी उदाहरण दिलं, तर घरात वाद होतील. एकाच्याही तोंडी वाक्य नाही, तरी चौघं वेगळे! नाही तर आमची तीन अंकी नाटकं पाहा. चौदा पात्रं घसा फोडून बोलत असतात आणि सगळ्यांच्या तोंडून ऐकू येतो तो एकटा लेखक.

आता वास्तववाद. 1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी 'टेट्रिस' लिहिला. सात आकारांचे तुकडे वरून येत राहतात. हवा तो येत नाही आणि आलेला परत पाठवता येत नाही. गिरगावातल्या दोन खोल्यांत मे महिन्यात पाहुणे उतरायचे, ते अगदी असेच. एकाला वळवून भिंतीशी लावावं, दुसऱ्याला कॉटखाली सरकवावं, तोवर तिसरा जिन्यात दिसतोच. हे रशियात बसलेल्या माणसाला कसं कळलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

या जुन्या खेळांचा एक मोठा गुण म्हणजे प्रामाणिकपणा. 'तुम्ही हरणार आहात. किती वेळ टिकता ते दाखवा,' एवढंच ते म्हणत. 1997 नंतर नोकियाच्या फोनवर आलेला तो साप शेवटी स्वतःच्याच अंगावर आपटून मरायचा. दोष द्यायला दुसरं कोणी नसायचं. डाव संपे, आणि माणूस उठून भाजी आणायला जाई.

पुढे खेळ इंटरनेटवर गेले आणि गोष्ट बदलली. 2009 साली फेसबुकवर 'फार्मव्हिल' आलं. पडद्यावर शेत पेरायचं. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेवर काढली नाही तर वाळून जायची. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी गावच्या खऱ्या जमिनीच्या बांधावर पंचवीस वर्षांत पाय ठेवला नव्हता. ते पहाटे 3 चा गजर लावून पडद्यावरची स्ट्रॉबेरी काढायला उठू लागले. 31 डिसेंबर 2020 रोजी तो खेळ कायमचा बंद झाला. त्या जमिनींना ना सातबारा होता, ना वारस.

मग 2012 मध्ये 'कँडी क्रश' आला. त्यात माणसाला पाच जीव. गेलेला जीव परत मिळायला अर्धा तास लागतो. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा सांगितला आहे, त्या मानाने ही सोय चांगलीच म्हणायची. ज्यांना अर्धा तास धीर नाही त्यांनी पैसे मोजावेत, नाही तर फेसबुकवरच्या मित्रांकडे जीव मागावा. वाटणीच्या भांडणानंतर बारा वर्षं अबोला धरलेल्या माझ्या एका आतेभावाने एका रात्री साडेअकराला मला जीव मागितला. मी दिला. शेवटी रक्ताचं नातं!

विनोद सोडून सांगतो, समीक्षक म्हणून माझी तक्रार आहे ती इथेच. या खेळात पातळ्या हजारोंनी आहेत आणि मागून नव्या येतच राहतात. तो तुम्हाला जिंकू देत नाही, पुरतं हरवतही नाही. फक्त बसवून ठेवतो. ज्या नाटकाचा पडदाच पडत नाही, त्या नाटकाला प्रेक्षकाने टाळ्या तरी कधी वाजवायच्या?

त्या मानाने ज्या 'पब्जी'च्या नावाने आयांनी बोटं मोडली, तो रचनेच्या दृष्टीने बांधेसूद खेळ आहे. बेटावर शंभर माणसं उतरतात, सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जातं आणि साधारण अर्ध्या तासात एकच जण किंवा एकच चमू उरतो. म्हणजे त्याला आदि-मध्य-अंत आहे. जिंकणाऱ्याला पडद्यावर 'चिकन डिनर' जाहीर होतं. संकष्टीच्या रात्री आमची बहीण चंद्रोदयाची वाट पाहत ताट वाढून बसली असताना आतल्या खोलीतून भाच्याने 'चिकन डिनर!' म्हणून जी आरोळी ठोकली, तिचा खुलासा करता करता चंद्र बराच वर आला. 2019 साली चीनमध्ये या खेळाची जी सोज्वळ आवृत्ती निघाली, तिच्यात गोळी लागलेला माणूस गुडघ्यावर बसून आपल्या सामानाची पेटी पुढे ठेवतो आणि हात हलवून निरोप घेतो. खंजीर लागल्यावर पद म्हणणारे आणि 'वन्स मोअर' आल्यावर उठून तेच पद पुन्हा म्हणणारे नट ज्यांनी पाहिले, त्यांना यात काही वावगं वाटू नये. आपल्याकडे 2020 च्या सप्टेंबरात या खेळावर बंदी आली, 2021 मध्ये तो नाव बदलून परतला, 2022 मध्ये पुन्हा गेला आणि 2023 मध्ये पुन्हा आला. निरोपाचे प्रयोग इतके कोणत्या गायकनटानेही केले नसतील.

'या खेळांनी पोरं एकलकोंडी होतात' हा आरोप मात्र मला मान्य नाही. 2020 च्या टाळेबंदीत भाच्याच्या खोलीत चार मुलांचे आवाज असत: एक नाशिकचा, एक लातूरचा, एक नागपूरचा आणि एक त्याचा स्वतःचा. खेळात सोबती जखमी होऊन पडला, तर स्वतःची आडोशाची जागा सोडून, गोळ्या चुकवत त्याच्याजवळ जाऊन त्याला उठवावं लागतं. लातूरचा मुलगा दर वेळी जायचा आणि बहुतेक वेळा मरायचा. भाचा त्याच्यावर ओरडायचा, पण दुसऱ्या दिवशी आधी त्यालाच बोलवायचा. पुढे एका गणपतीत तो खरोखर घरी आला. दोघं इतके लाजले, की मोदक संपेपर्यंत शब्द नाही. मग दोन कोपऱ्यांत दोन फोन घेऊन बसले आणि एकदम गप्पांना तोंड फुटलं. ही मैत्री खोटी आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उणीव आहे ती वेगळीच. आमचा डबा ऐसपैस संपायचा, तो आम्हाला कंटाळा आला म्हणून कधीच नाही. दिवेलागण व्हायची, गॅलरीतून कोणाची तरी आई नावाने हाक मारायची. नाही तर चेंडू खडूस काकांच्या घरात जायचा आणि काका तो द्यायचे नाहीत. खेळाला कुंपण घालायचं काम आजूबाजूची माणसं करायची. आम्ही त्यांना मनातल्या मनात शिव्या द्यायचो. पण खेळ दुसऱ्या दिवशीही हवाहवासा वाटायचा, तो त्यांच्याचमुळे. इंटरनेटवर तिन्हीसांज होत नाही. लातूरला काळोख पडला तर दुसऱ्या कुठल्या देशात उजाडलेलं असतं आणि शंभरावा गडी केव्हाही मिळतो. नव्या नावाने परतलेल्या पब्जीने अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली, म्हणजे आईच्या हाकेचं काम यंत्रावर सोपवलं. पण यंत्राला 'पाचच मिनिटं गं' म्हणून काकुळतीला येता येत नाही.

21 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोचा 1989 सालचा 'टेट्रिस' इतका लांबवला, की 157 व्या पातळीवर यंत्रच गोठून पडलं. तिथवर कोणी माणूस पोचला नव्हता. त्याला पुढची पातळी मिळाली नाही की बक्षिसाची पेटी उघडली नाही. खेळ नुसता थांबला, आणि पोराला आनंदाने धाप लागली. पुढे जानेवारीत ही बातमी देताना एका ब्रिटिश वाहिनीवरची निवेदिका म्हणाली, की एक आई म्हणून मी सांगेन, पडद्यापासून ऊठ आणि बाहेर मोकळ्या हवेत जा. लोक तिच्यावर फार चिडले. पराक्रमाची किंमत तिला कळली नाही, हे खरंच. पण मला त्या पोराचा हेवा वाटला. डाव संपल्यासंपल्या गॅलरीतून हाक आलेला या जमान्यातला तो एकटाच गडी असेल. आणि तीही थेट विलायतेहून!