दिंडोरीचें तांबडें मद्य

नाशिकहून वणीच्या देवीला निघालेल्या यात्रेकरूला दिंडोरी हें वाटेवरचें एक गांव म्हणून ठाऊक असतें. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र हें नांव तांबड्या मद्याच्या बाटल्यांवर छापलें जाऊन दूरदेशीं पोंचूं लागलें आहे. सुला या मद्यशाळेनें शिराझ जातीच्या द्राक्षांपासून केलेल्या आपल्या एका मद्याला ‘दिंडोरी रिझर्व्ह’ असें नांव दिलें. २०२२ सालीं शांदों या फ्रेंच घराण्याच्या दिंडोरी येथील शाखेनें ‘और्व’ नांवाचें तांबडें मद्य बाजारांत आणलें. गांवाचें नांव बाटलीवर घालणें म्हणजे घेणाऱ्याला वचन देणें होय कीं, आंत जें आहे तें येथलेंच आहे, दुसऱ्या कोठें तें असें झालें नसतें. हें वचन कितपत पाळलें जातें, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. (मद्याच्या परीक्षणानें ज्यांच्या भुंवया उंचावतील त्यांनीं आपल्या औषधाच्या कपाटांतील द्राक्षासवाची बाटली एकदां हातीं घेऊन पाहावी.)

जमीन, उतार, ऊन, वारा आणि पाणी यांचा जो एकवट परिणाम पिकांत उतरतो त्याला फ्रेंच लोक ‘तेरवार’ म्हणतात. ‘मातीचा गुण’ हा आपला शब्द त्याच्या जवळचा, परंतु अपुरा आहे. दिंडोरीच्या बाबतींत तर माती हें प्रकरण लवकर आटोपतें. रामशेजच्या किल्ल्यापासून वणीच्या डोंगरांपर्यंत सगळा काळा खडक. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं निवालेला लाव्हा. ‘और्व’ हें नांव ठेवणाऱ्याच्या मनांत उर्वी म्हणजे पृथ्वी असावी. परंतु पुराणांतला और्व म्हणजे समुद्रांत जाऊन राहिलेला अग्नि, आणि येथला प्रत्येक धोंडा गोठलेला अग्नीच असल्यामुळें तें नांव ठेवणाराच्या कल्पनेपेक्षांही अधिक शोभतें. असें असलें तरी खडकाची चव वेलीच्या मुळांवाटे घडांत चढते, ही समजूत शास्त्राला मान्य नाहीं. जमीन काम करते ती पाण्याच्या द्वारें. खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते, तीवर वेल माजते आणि फळ पांचट होतें. उतारावरच्या मुरमाड जमिनींत पाणी निथळून जातें आणि वेलीला जरा उपास घडतो. तांबड्या मद्याला हा उपास मानवतो.

दिंडोरीचें खरें वैशिष्ट्य मातीत नाहीं, पंचांगांत आहे. ऱ्होन नदीकांठच्या हर्मिटेज टेकडीवर शिराझची वेल हिंवाळ्यांत झोंपते, वसंतांत जागी होते, आणि तिचें फळ उन्हाळ्याकडून शरदाकडे, म्हणजे उष्णाकडून थंडाकडे जात पिकतें. विसाव्या अक्षांशावरच्या आपल्या वेलीला झोंप अशी नाहींच. तिच्या मर्जीवर सोपविली तर ती बारा महिने पालवत राहील. तिला ऋतु देते ती शेतकऱ्याची कातर. एप्रिलांत खरड छाटणी, पावसाळा सरतां सरतां गोडी छाटणी. आणि या दुसऱ्या छाटणीच्या दिवसापासून फळाचें आयुष्य मोजायचें. केवडा आणि भुरी यांच्या भीतीनें ती फार अगोदर करतां येत नाहीं. मग मणी धरतात ते डिसेंबर-जानेवारीच्या थंडींत, आणि पिकतात ते फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हांत. म्हणजे हर्मिटेजचा क्रम येथें बरोबर उलटा! शेवटच्या पंधरवड्यांत साखर झपाट्यानें चढते, आंबटपणा तितक्याच झपाट्यानें उतरतो. उष्ण देशांत टार्टारिक आम्ल, म्हणजे चिंचेंतलेंच आम्ल, वरून घालून ही उणीव भरून काढण्याचा प्रघात आहे. त्यांत लबाडी नाहीं. परंतु जें घालावें लागलें तें त्या जागेचें नव्हे, एवढें म्हणावेंच लागेल.

याच कारणानें दिंडोरीचें तेरवार निसर्गानें दिलेलें नसून कातरीनें आणि पालखेड, करंजवण, वाघाड या धरणांच्या पाण्यानें घडविलेलें आहे, असें माझें मत आहे. फ्रेंच ग्रंथकार माणसाला या संकल्पनेंत जागा देतात, पण कोपऱ्यांतली. येथें त्याला मधोमध बसवावें लागतें.

आतां पेल्याकडे वळूं. कोवळ्या दिंडोरी शिराझचा रंग जांभळट, वास पिकल्या जांभळाचा, आणि त्यामागून काळी मिरी. ही मिरी कविकल्पना नव्हे: रोटुंडोन नांवाचें जें द्रव्य मिऱ्यांत असतें तेंच २००८ सालीं ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनीं शिराझमध्यें ओळखलें. त्यावर ओकच्या पिंपांतला व्हॅनिलाचा आणि भाजक्या लाकडाचा वास. कोवळेपणीं हा लांकडी अलंकार इतका भरजरी असतो कीं खालची व्यक्ति दिसत नाहीं; अशा वेळीं दिंडोरी आणि ऑस्ट्रेलिया यांतला फरक छातीठोकपणें सांगणाऱ्याचा मला संशय येतो.

अलंकार उतरवितो तो काळ. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें शीतकपाटांत जपलेली, याच तालुक्यांतल्या शिराझची दहा वर्षांची बाटली चाखण्याचा योग आला होता. कांठाशीं रंग विटकरी झालेला, तळाशीं गाळ. रंगद्रव्यें आणि तुरट द्रव्यें एकमेकांना बिलगून जड होतात व खालीं बसतात, त्याचा हा पुरावा. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला असें लिहिण्याचा मोह होतो, परंतु तो आला नाहीं. आला तो सुक्या अंजिराचा, तंबाखूच्या पानाचा, आणि सर्वांत स्पष्ट असा आमसुलाचा. लांकूड जवळजवळ विरलें होतें. तुरटपणा मऊ झाला होता. मिरी मात्र होती तेथेंच, शाबूत. उणें एवढेंच कीं शेवट लवकर आला. घोट गिळल्यावर जिभेवर जें रेंगाळायला हवें तें आंबटाच्या आधाराअभावीं लगेच ओसरलें. उत्तम हर्मिटेज वीस-तीस वर्षें टिकतें तें याच आधारावर.

यावरून दिंडोरीला दीर्घायुष्य नाहीं असा निकाल देणें मला घाईचें वाटतें. कापणी आठ दिवस अलीकडे ओढण्याचें धैर्य, उंचावरची जमीन निवडण्याची दृष्टि, लांकडाचा बेताचा उपयोग, यांनीं पुष्कळ फरक पडेल. अडचण वेगळीच आहे. आमच्याकडे जुन्या बाटल्याच नाहींत. बहुतेक मद्य दोन-तीन वर्षांच्या आंत विकलें आणि संपविलें जातें, आणि घरच्या फडताळांत ठेवावें तर नाशिकचा एक एप्रिल त्याला शिजवून काढतो. ज्या भाषेंत कालच्या पुस्तकाची प्रत उरत नाहीं तिच्यांत टीकाकारानें तुलना कशाशीं करावी?

मद्यशाळांनीं प्रत्येक वर्षाच्या कांहीं डझन बाटल्या तेरा-चौदा अंशांच्या थंडाव्यांत न विकतां ठेवाव्यात, आणि प्रत्येकीवर शेताचें गांव, गोडी छाटणीचा दिवस व कापणीचा दिवस हीं तिन्ही छापावींत. त्यांतली एखादी २०४० सालीं उघडली, तर मिऱ्याखालीं काय उरलें आहे हें त्या वेळच्या परीक्षकाला अंदाजानें सांगावें लागणार नाहीं.