खाली कोण देतं?

"काकू, शनिवारी तुम्ही याच हं. नाहीतर नुसत्या माझ्या मैत्रिणीच असतील." पुतणीचा असा फोन आल्यावर नाही कशी म्हणणार? गेले. पलसाण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येच तिचं वाजवणं होतं. महिला मंडळाच्या सात-आठ जणींनाही बरोबर नेलं.

वाद्य काय, तर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. रोलँड कंपनीचं एमसी-१०१. चार पेन्सिल सेलवरही चालतं, पर्समध्ये मावतं. अशा यंत्राला ग्रूव्हबॉक्स म्हणतात. त्यात ढोलाचे, बासचे, सुरांचे आवाज भरलेले असतात. सोळा बटणं असतात. त्यातली हवी ती पेटवायची, की तेवढ्या जागी ठोका पडतो आणि तो ठेका गोल गोल फिरत राहतो. असे चार थर एकावर एक चढवता येतात. प्रत्येक थराला एक सरकपट्टी, आवाज वरखाली करायला. आधी बसवलेलं गाणं नाही. रिकाम्या यंत्रापासून सुरुवात करायची आणि समोर बसलेल्यांच्या देखत रचत जायचं.

पाचव्या मिनिटाला माझ्या शेजारणीने कानात सांगितलं, "ही कुठे वाजवते? मशीन वाजतंय. ही नुसती बटणं दाबते."

खरं सांगू? माझ्याही मनात तेच होतं. पण प्रश्न नुसता मनातला राहिला नाही. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात या मुलीला वीस मिनिटं द्यायची का, हे आम्हाला ठरवायचं आहे. म्हणून ऐकलं ते नीट तपासून लिहिते.

पहिलं म्हणजे, यंत्राचा विटाळ आपल्याला कधी होता? भक्तिसंध्येला कीबोर्डवाला येतो. त्याच्या कीबोर्डमधून तबला आपोआप वाजत असतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. ऑक्टोपॅडशिवाय आपलं एक लग्न होत नाही. सामायिकात विजेला हात लावायचा नाही, हे आपण पाळतोच. पण हॉलमधल्या कार्यक्रमाला तो नियम नाही. मग तक्रार यंत्राची नाही. तक्रार आहे ती, वाजवणारीचं त्यात काय, याची.

याचं उत्तर शोधताना मला गीताबेन साराभाई आठवल्या. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबातल्या, म्हणजे आपल्याच समाजातल्या घरातल्या. जन्म १९२२चा. ज्या काळात बाईने पखवाजाला हात लावणं लोकांना पटत नव्हतं, त्या काळात त्यांनी पखवाज घेतला, आणि शिकल्या कोणाकडे, तर गोविंदराव बुऱ्हाणपूरकरांकडे. बुऱ्हाणपूर म्हणजे आम्हा खानदेशच्या माहेरवाशिणींच्या शेजारचंच गाव! १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. तिथे जॉन केज या संगीतकाराला त्यांनी आपलं संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. पुढे १९५२ मध्ये याच केजने चार मिनिटं तेहतीस सेकंदांची एक रचना केली. तिच्यात वादक एकही सूर वाजवत नाही. ती गीताबेनमुळे सुचली असं मी म्हणणार नाही. पण गप्प बसण्यालाही मोजमाप असतं, हे पखवाज वाजवणारीला कोणी सांगावं लागत नाही.

१९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मोग सिंथेसायझर आला. ही संस्था उभी करण्यात गीताबेनचे भाऊ गौतम आणि बहीण गिरा पुढे होते. तो यंत्रसंच बसवून दिला अमेरिकेच्या डेव्हिड ट्यूडरने. तो काही पर्समध्ये मावणारा नव्हता. वायरी जोडून आवाज तयार करायचा, वायरी काढल्या की तो आवाज गेला, यंत्राच्या लक्षात काहीच राहत नसे. गीताबेननीही त्यावर काम केलं. १९६९ ते १९७२ मधल्या तिथल्या फिती पॉल पर्गस यांनी शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह निघाला. त्यात गीताबेनच्या रचना आहेत. मनात आलं, आपल्यातली एक बाई पन्नास वर्षांपूर्वी हे करून गेली, आणि आपण मात्र आज विचारतो, हे बायकांचं काम आहे का?

दुसरं उदाहरण मुंबईचं. चरणजित सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी केली. त्यात त्यांनी रोलँडचीच तीन यंत्रं वापरली. तेव्हा ती चालली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. मी ती ऐकली. बासच्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, तिचा त्यांनी मींडेसारखा उपयोग केला आहे. ते ऐकताना खरंच छान वाटतं. पण ढोल पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच. भैरव असो की मेघ मल्हार, ठेका श्वासच घेत नाही. मग कंटाळा येतो.

इथे मला नेमकं सापडलं. आपल्या त्रितालाच्या मात्रा सोळा, तिच्या यंत्राची बटणंही सोळा. पण त्रितालात नवव्या मात्रेला खाली असते. तिथे टाळी वाजत नाही, हात नुसता उघडतो. यंत्र सम देतं, हजारदा देईल, चुकणार नाही. खाली मात्र ते आपणहून देत नाही. ती वाजवणारीनेच द्यायची.

आता या मुलीकडे वळते. तिने आमच्याच भागातल्या एका कारखान्यातला लूमचा आवाज मोबाइलवर घेऊन यंत्रात भरला होता. कल्पना चांगली. पण पहिली पंधरा मिनिटं तो खडखडाट हटलाच नाही. त्यावर ती थर चढवत गेली, आवाज गढूळ करत गेली, पुन्हा स्वच्छ करत गेली. ही युक्ती तिने पाचेक वेळा केली असेल. अगं बाई, आम्ही लूमच्या आवाजात संसार केलेत! घरी आलेल्या माणसाला दोनदा हाक मारावी लागते, हे आम्हाला ठाऊक आहे. लूमला खाली नसते. वीज गेली तरच.

आणि मग तिने वीज घालवली. चारही पट्ट्या खाली. हॉल एकदम गप्प. माझ्या शेजारणीचं बोट मांडीवर ताल धरत होतं, ते मला तेव्हा दिसलं, कारण ते थांबलं नाही. पट्ट्या खाली केल्या तरी आत यंत्राची मोजणी चालूच असते. तशी ती आमच्यातही चालू होती. मग तिने नुसता एक सूर सोडला, समेच्या जरा नंतर, आणि लूम परत आणलाच नाही. पुढची आठ-दहा मिनिटं तिने फक्त काढत नेलं. ढोल काढला, बास काढला. शेवटी जे उरलं ते आमच्या एकीलाही उठून जाऊ देईना.

आपण माळ फिरवतो. मणी एकशे आठ, नवकार तोच. बोटं फिरतात म्हणून जप होत नाही, आणि तेच तेच म्हणतो म्हणून तो खोटाही होत नाही. मन तिथे आहे का, एवढंच बघायचं. पहिली पंधरा मिनिटं तिचं मन बटणांवर होतं. नंतर ते आमच्यावर आलं. समोरच्यांना ऐकून पुढचं ठरवणं, यालाच मी वाजवणं म्हणते, मग हाताखाली कातडं असो की बटण.

मंडळात मी हात वर करणार आहे. तिला वीस मिनिटं द्यावीत. फक्त तिला सांगणार आहे, चढवायला पाच मिनिटं घे, उतरवायला पंधरा. शेजारीण म्हणते, "बघू." पण परवा भाजी निवडताना तिने विचारलं, ते मशीन केवढ्याला येतं गं?