चन्नम्माला काय कळतं?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) मध्ये संस्कृतचे विद्वान डॉ. चक्रपाणी शास्त्री रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत निघून जातात. त्यांना अल्झायमर आहे. मुलगी इरा त्यांना शोधत फिरते. तोवर त्यांना सांभाळते माहुताची बायको चन्नम्मा. तिची भाषा कानडी, त्यांची स्मृती विरत चाललेली. तरी त्यांच्या मनातलं तिला कळतं. कसं?

‘आईचं काळीज’ हे सोपं उत्तर मला पुरत नाही. मी माकुणसारचा. जवळच्या केळव्याच्या किनाऱ्यावर येणारे पाहुणे ‘इथली माणसं किती साधी, प्रेमळ’ म्हणतात, तेव्हा त्या माणसांनी कमावलेलं शहाणपण आपोआप ‘स्वभाव’ होऊन जातं. चन्नम्माचंही असं होऊ शकतं. पण तिचं घर हत्तीबरोबर चालतं. न बोलणाऱ्या जिवाचं मन ओळखणं हे तिचं रोजचं काम आहे.

सॉफ्टवेअरवाले म्हणून आम्ही हेच काम चेहऱ्याच्या फोटोवर सोपवून पाहिलं. ठरावीक भावनांचे चेहरे जगभर सारखेच, या पॉल एकमन यांच्या मांडणीवर अशा बऱ्याच प्रणाली उभ्या राहिल्या. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा हा पाया कच्चा निघाला: राग आला की प्रत्येक जण आठ्या घालतोच असं नाही, आणि आठ्या म्हणजे रागच असंही नाही. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवेतून चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची सोय काढून घ्यायचं ठरवलं. खुद्द नाट्यशास्त्र अनुभावाआधी विभाव मांडतं, म्हणजे भाव कशामुळे जागा झाला ते.

मोहन आगाशेंचा चेहरा अनेकदा कोराच राहतो. त्यावरून कुठलंच यंत्र काही सांगू शकलं नसतं. अमृता सुभाषची चन्नम्मा त्यांच्या भावनेला नावच देत नाही. ती अंदाज बांधते, काहीतरी करून बघते, जमलं नाही तर दुसरं करते. तिच्यासाठी ओळखणं आणि सांभाळणं वेगळं नाही. या भूमिकेसाठी अमृताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मला या संयमाचा वाटतो.

माझी तक्रार एकच. चन्नम्माच्या वाट्याला थोडाच वेळ येतो, इराच्या वाट्याला वर्षं. चन्नम्मासमोर फक्त आजचा म्हातारा आहे. इराला त्याच चेहऱ्यात कालचे वडील दिसत राहतात. त्यामुळे तिला कमी कळत असेल, पण तिचं प्रेम कमी नाही. सिनेमा संपल्यावर चन्नम्माचं कौतुक करताना आपण हे विसरतो. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या कुणाशी बोलताना तरी विसरू नये.