राजी, स्नेक आणि पिंगुळीची पोथी

'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम खेळताना राजीचा चेहरा आपल्याला धड दिसतच नाही. कॅमेरा वरून, तिरका आणि चांगला लांब. भिंतीवरून धावणारी, खांबाला गिरकी घेऊन असुरावर त्रिशूळ चालवणारी ही मुलगी पडद्यावर बोटभर असते. गोष्ट मात्र मायेची आहे. रक्षाबंधनाचा सण, असुरांचा हल्ला, पळवलेली मुलं आणि त्यांत राजीचा धाकटा भाऊ गोलू. त्याला शोधायला ती निघते आणि वाट अखेर असुरांच्या म्होरक्यापर्यंत, महाबलासुरापर्यंत जाते. एवढ्या लांबून ही माया दाखवायची कशी? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या मंडळींनी यावर एक जुना तोडगा काढला. त्यांनी खेळ थांबवला आणि बाहुल्या बाहेर काढल्या.

हा गेम २०२० साली आला. त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. मोठ्या कंपन्या गोष्टीच्या भागासाठी हुबेहूब चेहरे, ओठांच्या हालचाली, डोळ्यांतलं पाणी यांवर पाण्यासारखा पैसा ओततात. छोट्या चमूला ते कुठून परवडणार? त्यामुळे गोष्टीचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांच्या घाटात येतात. ही काटकसर असेलही. मला मात्र ती गेममधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

चपट्या बाहुलीला चेहऱ्यावरचा भाव बदलता येत नाही. ती वाकते, हात उचलते, दुसऱ्या बाहुलीजवळ सरकते किंवा तिच्यापासून लांब जाते. तिचं भांडवल एवढंच. पण दोन बाहुल्यांमधलं अंतर वाढलं की ताटातूट कळते. त्यासाठी कुणी हंबरडा फोडावा लागत नाही. खेळताना राजी क्षणभरही स्वस्थ नसते आणि बाहुल्यांच्या प्रसंगात ती जेमतेम हलते. या दोन गतींच्या विरोधावर गेमचा सगळा ताल उभा आहे.

निवेदनातही गंमत आहे. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, आणि दोघांचं पटत नाही. दुर्गेचा या पोरीवर विश्वास आहे. विष्णूला शंका आहे. देव सांगताहेत म्हणजे शेवट त्यांना ठाऊकच असणार, असं आपण धरून चालतो, पण हे दोघे तर आपल्याइतकेच पुढे काय होतंय ते बघत बसलेले. चित्र एक आणि त्यावर मतं दोन, ही जागा लेखकांनी फार छान पकडली आहे. भिंतींवरच्या चित्रांपाशी मात्र हीच पद्धत लंगडी पडते. राजीला भित्तिचित्राजवळ नेलं की महिषासुराची किंवा एखाद्या अवताराची कथा ऐकू येते. माहिती चोख, पण गोलूशी तिचा धागा पुष्कळदा जुळत नाही; लेणी दाखवणारा गाइड पाठ केलेलं बोलून पुढे जातो, तसं होतं.

हे सगळं बघताना पिंगुळी आठवल्याशिवाय राहत नाही. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या या गावातले ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी उघडतात. सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं रामायण-महाभारतातलं आख्यान लावायचं. त्याच घरांत कळसूत्री बाहुल्या नाचतात आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही होतो. या परंपरेचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीत चित्र स्वतः हलत नाही. हलतो तो आवाज. पान किती वेळ धरून ठेवायचं आणि कधी बदलायचं हे कथेकऱ्याच्या हातात असतं. युद्धाचं चित्र पटकन खाली जातं, विलापाचं रेंगाळतं. हल्ली ज्याला डिजिटल कॉमिक म्हणतात, त्याचं निम्मं व्याकरण इथेच आहे. उरलेल्यातलं पुष्कळ कल्याणच्या पटवर्धनांच्या शांबरिक खरोलिकेत सापडेल. १८९२ च्या सुमारास ते हातानं रंगवलेल्या काचा दिव्यासमोर सरकवून पडद्यावर पौराणिक चित्रं हलवून दाखवत होते.

आता समुद्रापलीकडचं उदाहरण. 'मेटल गिअर सॉलिड' हा हिदेओ कोजिमा यांचा गेम १९९८ चा. अलास्काजवळच्या शॅडो मोझेस बेटावर बंडखोरांनी अण्वस्त्रांचा तळ बळकावला आहे आणि स्नेक नावाचा सैनिक एकटाच आत शिरतो. २००४ पासून आयडीडब्ल्यू प्रकाशनानं त्याचं कॉमिक काढलं. लेखन क्रिस ओप्रिस्को यांचं, चित्रं ॲशली वुड या ऑस्ट्रेलियन चित्रकाराची. २००६ मध्ये मूळ गेमच्या कंपनीनं, कोनामीनं, तीच चित्रं हलती करून पीएसपी या हातात धरायच्या यंत्रावर 'डिजिटल ग्राफिक नॉव्हेल' म्हणून आणली.

वुड यांची रेघ ओरखड्यासारखी आहे. राखाडी, मातकट रंगांचे फटकारे, त्यात माणूस अर्धा दिसतो आणि अर्धा धुक्यात विरतो. असलं चित्र हलवायचं म्हणजे पंचाईत. पाय टाकताना दाखवायला आधी नीट काढलेला पाय तर हवा! म्हणून इथे माणसं बहुधा जागच्या जागी असतात. हलतं ते भोवतालचं. चित्रावरून नजर सरकते, बर्फ पडतो, गोळीचा लोळ उठतो, संवादाचा फुगा उमटतो आणि जातो. आवाज आहेत, संगीत आहे, पण पात्रं बोलत नाहीत, आपण वाचायचं. पुढे २००८ मध्ये जपानात याची डीव्हीडी आली आणि तीत पात्रांना आवाज मिळाले. मी निःसंकोच मुक्या आवृत्तीच्या बाजूचा आहे. वुड यांचं चित्र मुळातच अर्धं सांगून थांबतं. त्यावर कसलेल्या नटाचा भरघोस आवाज चढला की उरलेलं अर्धंही कुणीतरी सांगून टाकल्यासारखं होतं.

एका बाबतीत हे रूपांतर सोपंच होतं. मूळ गेममधली बरीचशी कथा रेडिओच्या संभाषणांतून येते. पडद्यावर दोन हिरवट चेहरे, हलणारे ओठ आणि खाली अक्षरं. तेव्हाच तो अर्धा कॉमिक होता. अवघड होतं ते खेळणाऱ्याच्या हाताचं काय करायचं हे. या गेममध्ये सायको मँटिस नावाचा मन वाचणारा शत्रू आहे. तो मेमरी कार्ड चाचपून तुम्ही आणखी कोणते गेम खेळता ते सांगतो, आणि त्याला हरवायचं तर कंट्रोलरची वायर काढून दुसऱ्या खाचेत घालावी लागते. मेरिल या साथीदाराशी रेडिओवर बोलायचं तर तिची फ्रिक्वेन्सी शोधायला सीडीचं कव्हर उलटून बघावं लागतं. छळाच्या प्रसंगात बटण दाबत तग धरला तर शेवट एक, हार मानली तर दुसरा. वाचकाला यातलं काय देणार? त्याच्या हातात कव्हर नाही, खाच नाही, आणि कॉमिकला दोनांपैकी एकच वाट धरावी लागते. मँटिसची दहशत तुमच्या खोलीत शिरण्यात होती. चित्रात तो कितीही भेसूर काढला तरी राहतो चित्रातच.

कोजिमांच्या मंडळींना ही उणीव दिसली असावी. कारण या डिजिटल कॉमिकमध्ये वाचता वाचता थांबून चित्राच्या आत शिरता येतं. चौकट जवळ ओढायची, इकडेतिकडे फिरायचं, दडलेला तपशील हुडकायचा आणि सापडलेल्या आठवणी पुढे एकमेकींशी जोडायच्या. जोडण्याचा भाग मला रुक्ष वाटला, कचेरीतल्या फायली लावल्यासारखा. हुडकण्याचा भाग मात्र अस्सल आहे. गेममध्ये स्नेक कोपऱ्याआड दबा धरून बघत असतो. इथे वाचक फटकाऱ्यांच्या आड काय आहे ते बघतो. कृती गेली, पण चोरून बघण्याचा तो ताण उरला. रूपांतर करणाऱ्यानं कथानकापेक्षा हा ताण वाचवला, याला मी मोठी दाद देईन.

आमच्या फुलचुरात हे सांगायला गेलं तर पोरं हसतील. गोंदियाला लागून असलेलं गाव. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये गोळीबार. भाच्यासमोर 'राजी' लावून ठेवला. बाहुल्या आल्या तसा त्याचा अंगठा सरसावला आणि प्रसंग उडवला गेला. पुढे बराच वेळ असुर मारून झाल्यावर म्हणतो, "मामाजी, हा गोलू कोन होय?" आमच्याकडे गल्लीगल्लीत एखादा गोलू असतो, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. हाच पोरगा दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, रात्रभर दंडार हे लोकनाट्य बघत बसतो आणि नाटकातलं गाणं लांबलं तरी जागचा हलत नाही. गोष्टीचा कंटाळा नाही त्याला. हातात बटण असलं की ते दाबायचं असतं, एवढंच त्याचं म्हणणं.

'राजी'त याच अंगठ्यासाठी एक जागा आहे आणि ती मला बाहुल्यांपेक्षाही सरस वाटते. वाटेत मधेच गोल चित्रं येतात, मंडलासारखी, तुकड्यांत फिरलेली. एकेक कडं फिरवून ती जुळवायची. जुळली की राजी आणि गोलूच्या आधीच्या दिवसांतलं काहीतरी समोर येतं. इथे देव वाद घालत नाहीत आणि असुरही येत नाहीत. भाच्यानं एकही चित्र उडवलं नाही. उडवायची सोय होती की नाही हे त्यानं बघितलंसुद्धा नाही.