निष्क्रियतेची दुसरी बाजू

टेफ्लॉन निष्क्रिय असते. त्याची गॅस्केट, ऑइल-सील, न चिकटणारी भांडी बनतात. एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकातील माहिती येथेच थांबत असे. आमचा आक्षेप या थांबण्याला आहे.

टेफ्लॉनसारख्या साखळीत मधूनमधून ऑक्सिजन गुंफला की परफ्लुओरोपॉलिइथर मिळते. ऑक्सिजनच्या जोडामुळे साखळी सहज वळते, पदार्थ द्रवरूप राहतो आणि निर्वात पंपात वंगण म्हणून चालतो. कार्बन-फ्लोरीन बंध मात्र तितकाच चिवट. यंत्रात तो गुण. कारखान्याच्या सांडपाण्यात गेलेल्या छोट्या फ्लोरीनयुक्त रेणूंत तोच दोष.

इटलीतील त्रिस्सिनो येथील मितेनी कारखान्याच्या अशा रेणूंनी भूजल दूषित झाले. २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. २०२५ मध्ये न्यायालयाने अकरा जणांना तुरुंगवास सुनावला. तेथील यंत्रसामग्री मात्र विकली जाऊन रत्नागिरी जिल्ह्यात लोटे-परशुरामला आली.

मार्कंड्याला वैनगंगेकाठी शिकवणाऱ्या शिक्षकाला हे दूरचे वाटेल. चंद्रपूर-गडचिरोलीत फ्लोरीन म्हटले की काही विहिरींतले फ्लोराइड आणि डागाळलेले दात आठवतात. ते फ्लोराइड तुरटी-चुन्याने बरेच कमी करता येते. हे रेणू त्या उपायाला जवळजवळ दाद देत नाहीत. हा फरक वर्गात सांगावा आणि उपयोगांच्या यादीखाली एक प्रश्न लिहावा: काम संपल्यावर हा पदार्थ जातो कुठे?