मॉर्फीन कमी लागले, म्हणजे दुखणे कमी झाले का?

मुलाच्या यकृत प्रत्यारोपणात बरगड्यांखाली पोट आडवे उघडतात. नंतरच्या वेदनेवर मॉर्फीन किंवा फेंटानिल देतात. पण त्यांनी श्वास मंदावतो, आतडी सुस्तावतात. एपिड्युरल प्रभावी असते, मात्र यकृत निकामी झालेल्या मुलाचे रक्त नीट गोठत नाही. मज्जारज्जूजवळ रक्तस्रावाची भीती राहते. म्हणून सोनोग्राफीत पाहत पोटाच्या भिंतीतील नसा बधिर करणारे ब्लॉक पुढे आले. टॅप ब्लॉकचे वर्णन २००१ मध्ये झाले, इरेक्टर स्पायनी ब्लॉकचे २०१६ मध्ये.

या विषयावरील शोधनिबंधांत वारंवार भेटणारा निष्कर्ष असा: ब्लॉक दिलेल्या मुलांना मॉर्फीनसारखी औषधे कमी लागली. माझा आक्षेप या मोजमापावर आहे.

औषध किती द्यायचे हे मूल ठरवत नाही, परिचारिका व डॉक्टर ठरवतात. ब्लॉक दिला आहे हे त्यांना ठाऊक असेल, तर हात आपोआप आखडता राहतो. तुलना जुन्या नोंदींशी असेल, तर मधल्या काळात बदललेल्या उपचारपद्धतीचे श्रेयही ब्लॉकलाच मिळते.

मग थेट वेदनाच मोजावी? फ्लॅक मापनात चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे यांना प्रत्येकी ० ते २ गुण असतात. पण व्हेंटिलेटरची नळी स्वरतंतूंमधून जाते; त्या मुलाचे रडणे ऐकूच येत नाही. तार तुटलेला सेन्सर शून्य दाखवतो, तेव्हा आपण तापमान शून्य आहे असे लिहीत नाही. कम्फर्ट-बी मापनात अशा मुलासाठी रडण्याऐवजी श्वासाचा प्रतिसाद पाहतात. शिवाय टॅप ब्लॉक फक्त पोटाची भिंत बधिर करतो; आतल्या अवयवांची वेदना उरतेच.

हा प्रश्न जुना आहे. इंदूरच्या एम.जी.एम. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ मध्ये हृदयाजवळील रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेतील अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा बाळांना तेव्हा अनेकदा तीव्र वेदनाशामकाविना केवळ हलकी भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध मिळे. आनंद यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले आणि रक्तातील ताणाची संप्रेरके मोजली. फेंटानिल मिळालेल्या बाळांत ताण आणि गुंतागुंत दोन्ही कमी आढळली. न हलणारे बाळ शांत असतेच असे नाही, हे त्यातून दिसले.

ब्लॉक निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. दावा मोजमापापेक्षा मोठा आहे, एवढेच. आमच्या महादेवपुरा–व्हाइटफील्ड पट्ट्यात वैद्यकीय उपकरणांवर संशोधन चालते. तुमच्यापैकी काहीजण तिथे पोहोचतील. असा निबंध वाचताना तीन प्रश्न विचारा: गट कसे पाडले? गुण देणाऱ्याला ब्लॉकबद्दल माहीत होते का? आणि वापरलेली मोजपट्टी त्या अवस्थेतल्या मुलाला लागू पडते का?