बंडाळीशमनाची अमेरिकन मार्गदर्शिका : एक परीक्षण

अमेरिकेच्या भूसेनेनें व मरीन दलानें डिसेंबर २००६ मध्यें ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीस सेनापति पेट्रेयस व एमॉस यांची प्रस्तावना आहे. शत्रुसंहारापेक्षां प्रजेचें रक्षण श्रेष्ठ, व त्यासाठीं दर हजार वस्तीमागें निदान २० रक्षक असावे, असें तिचें प्रतिपादन आहे. रणगाड्यांच्या लढाईसाठीं घडविलेल्या सैन्यास ही दृष्टि देणें सोपें नव्हतें. याबद्दल कर्ते अभिनंदनास पात्र आहेत.

परंतु मलायाचा दाखला आम्हांस पटत नाहीं. तेथील बंडाळी (१९४८–६०) केवळ पोलिसांच्या शिक्षणानें शमली नाहीं. इंग्रज तेथें स्वतःच राज्यकर्ते होते, व १९५७ सालीं स्वातंत्र्य देऊन त्यांनीं बंडखोरांची मुख्य घोषणाच हिरावून घेतली. इराक व अफगाणिस्तान येथें राज्य दुसऱ्याचें व शस्त्र अमेरिकेचें, अशी स्थिति होती. स्थानिक राज्य प्रजेस मान्य असावें, असें ही मार्गदर्शिका वारंवार सांगते. तें तसें नसल्यास सेनापतीनें काय करावें, याचें समाधानकारक उत्तर तींत नाहीं. सुमारें वीस वर्षें शिकविलेल्या अफगाण सैन्यानें ऑगस्ट २०२१ मध्यें न लढतां काबूल सोडलें, तेव्हां ही उणीव उघडी पडली. सैन्याची सुधारणा ही राज्याच्या सुधारणेची जागा घेऊं शकत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.